परदेशात राहून दुसऱ्या देशासाठी रिमोट काम: व्हिसा, कर आणि दिवसांचा हिशेब

राहायचं एका देशात आणि पगार घ्यायचा दुसऱ्या देशातून, असं ठरलं की तीन सरकारी खात्यांशी गाठ पडते: इमिग्रेशन, आयकर आणि सामाजिक सुरक्षा. तिघांचे नियम वेगळे, दिवस मोजायच्या रीती वेगळ्या आणि कागदही वेगळे. इमिग्रेशनने वर्षभर राहायला दिलं म्हणून आयकर खातं सोडत नाही. उलट, इमानदारीत कर भरला म्हणून तिथे काम करायची परवानगी होती असंही ठरत नाही. बहुतेक घोळ एका खात्याचं उत्तर दुसऱ्या खात्याला लावल्यामुळे होतात. "१८३ दिवसांच्या आत असलं की काही लागत नाही" हे त्यातलं सगळ्यात महागात पडणारं वाक्य. त्याचा समाचार पाचव्या टप्प्यात घेतला आहे.

खालच्या क्रमातले पहिले सात टप्पे तिकीट काढण्याआधी उरका. गेल्यावर यातलं बरंच काही दुरुस्त करता येत नाही.

१. सल्लागाराकडे जाण्याआधी स्वतःचं एक पान भरा

करसल्लागार असो की इमिग्रेशन वकील, दोघेही तासावर फी लावतात. पहिला तास माहिती गोळा करण्यात जातो. तो वाचवायचा तर एका कागदावर हे लिहून ठेवा:

- नागरिकत्व कोणतं, आणि सध्या कोणत्या देशाचे करनिवासी आहात (म्हणजे करासाठी कोणता देश तुम्हाला आपला रहिवासी धरतो)
- कंपनी कोणत्या देशात नोंदलेली आहे, आणि जिथे जाताय तिथे तिची शाखा किंवा उपकंपनी आहे का
- तुम्ही पगारदार की कंत्राटावर
- कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि मधे कुठे कुठे जाणार
- घर कुठे चालू राहणार, जोडीदार आणि मुलं कुठे असणार
- पगार कोणत्या देशातल्या खात्यात जमा होतो
- कंपनीच्या वतीने करार ठरवण्याचा किंवा सही करण्याचा अधिकार तुम्हाला आहे का
- शेअर, बोनस, भाडं, व्याज अशी पगाराबाहेरची मिळकत

नागरिकत्वाचा प्रश्न फक्त व्हिसापुरता नाही. अमेरिकेचा नागरिक जगात कुठेही राहिला तरी त्याला अमेरिकेत रिटर्न भरावं लागतं. भारताचा नियम तितका सरसकट नाही, पण परदेशी मिळकत सोडून उरलेलं उत्पन्न १५ लाख रुपयांच्या वर असेल आणि निवासाच्या वगैरे कारणाने दुसऱ्या कुठल्याच देशात कर लागत नसेल, तर भारतीय नागरिकाला भारताचा करनिवासी मानलं जातं. "कुठलाच देश माझा नाही" असा हिशेब करून बसलेल्यांना या तरतुदीचा पत्ता उशिरा लागतो.

२. व्हिसा: राहायची परवानगी आणि काम करायची परवानगी वेगवेगळी पाहा

"मी इथल्या कोणाचं काम करत नाही, पैसे बाहेरून येतात, मग मला वर्क परमिट कशाला?" हा युक्तिवाद पटण्यासारखा आहे, पण कायदा सगळीकडे तसा नाही. बऱ्याच देशांत तुमचं शरीर जिथे आहे तिथे काम झालं असंच धरतात. पैसे कोण देतं हा मुद्दा गौण. काही देशांनी मात्र आता स्पष्ट लिहून ठेवलं आहे:

- ब्रिटन: ३१ जानेवारी २०२४ पासून व्हिजिटर म्हणून आलेल्याला परदेशी नोकरीचं रिमोट काम करता येतं, पण तो भेटीचा मुख्य हेतू नसावा.
- न्यूझीलंड: २७ जानेवारी २०२५ पासून व्हिजिटर व्हिसावर परदेशी कंपनीचं काम चालतं. ९० दिवसांच्या पुढे करायचं असेल तर कराचं आधी पाहा, असं सरकारच सांगतं.
- कॅनडा: परदेशी कंपनीसाठी काम करणारा माणूस एका वेळी ६ महिन्यांपर्यंत व्हिजिटर म्हणून राहू शकतो.

जिथे असं काही लिहिलेलं नाही तिथे "कोणी विचारत नाही" म्हणजे "चालतं" असं समजू नका. कंपनीच्या विम्याची पावती किंवा भाडेकरार पुढे कधी निघेल सांगता येत नाही.

डिजिटल नोमॅड व्हिसा (बाहेरच्या कंपनीचं रिमोट काम करत तिथे राहू देणारा) घेणार असाल तर त्याच्या जाहिरातीपेक्षा चार गोष्टी तपासा: उत्पन्नाची अट, स्थानिक ग्राहक चालतात का, मुदतवाढ मिळते का, आणि कराचं काय. या चारही बाबतींत देशागणिक मोठा फरक आहे.

स्पेन राष्ट्रीय किमान वेतनाच्या दुप्पट उत्पन्न मागतो. सध्याच्या कंपनीशी किंवा ग्राहकाशी किमान ३ महिन्यांचा संबंध दाखवावा लागतो, आणि ती कंपनी किमान वर्षभर जुनी असावी लागते. स्वतंत्र व्यावसायिकाला स्पेनमधल्या ग्राहकांकडून एकूण कामाच्या २० टक्क्यांपर्यंतच काम घेता येतं. पोर्तुगाल किमान वेतनाच्या चौपट मागतो. क्रोएशिया नोमॅड परवान्यावरच्या रिमोट कामाच्या कमाईवर आयकर लावत नाही, म्हणून तिकडे ओढा आहे. पण तुमच्या मूळ देशाने सोडलेलं नसेल तर ती सूट कागदावरच राहते.

एस्टोनियाच्या बाबतीत एक गैरसमज दहा वर्षं झाली तरी मिटत नाही. तिथली ई-रेसिडेन्सी आणि डिजिटल नोमॅड व्हिसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ई-रेसिडेन्सी हे डिजिटल ओळखपत्र आहे. त्यावर तिथे कंपनी काढता येते, पण राहता येत नाही, आणि त्याने तुम्ही तिथले करनिवासीही होत नाही.

सीमेवरच्या अधिकाऱ्याने विचारलं तर खरं आणि थोडक्यात सांगा. रिमोट कामाला परवानगी नसलेल्या व्हिसावर "फक्त फिरायला आलोय" म्हणून महिनाभर कामाची तयारी घेऊन जाणं हा साधा बनाव नसतो; ब्रिटनमध्ये फसवणुकीचा शेरा बसला तर पुढची १० वर्षं अर्ज नाकारले जाऊ शकतात.

३. शेंगेनचे ९० दिवस स्वतः मोजा

शेंगेनमधल्या, म्हणजे आपसांतल्या सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपीय गटातल्या, २९ देशांत मिळून, कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. यातला "कोणत्याही" हा शब्द लोक वाचत नाहीत. सहा महिने संपले की पाटी कोरी होते असं नाही. रोज सकाळी आजपासून मागे १८० दिवस मोजायचे आणि त्यात किती दिवस आत होतात ते पाहायचं. आत येण्याचा आणि बाहेर पडण्याचा, दोन्ही दिवस धरायचे.

उदाहरण घेऊ. १ फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२६ असे ५९ दिवस राहिलात. आता परत जायचंय.

*१ जूनला परत गेलात तर:* मागचे सगळे ५९ दिवस अजून त्या १८० दिवसांच्या खिडकीत आहेत. उरले ३१. म्हणजे १ जुलैला रात्री १२ च्या आत बाहेर. २ जुलैला तुमचा मुक्काम बेकायदा.

*१ जुलैला परत गेलात तर:* सुरुवातीला ५९ दिवस खिडकीत असतातच, पण ३१ जुलैपासून जुना एक दिवस रोज गळतो आणि नवा एक भरतो. बेरीज ८९ वर थांबून राहते. जुने सगळे दिवस गळून जाईपर्यंत सप्टेंबर येतो, आणि २८ सप्टेंबरपर्यंत सलग पूर्ण ९० दिवस राहता येतं.

एक महिना उशिरा गेल्याने मुक्काम ३१ दिवसांवरून ९० दिवसांवर गेला. युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर यासाठी मोफत कॅल्क्युलेटर आहे. तारखा ठरवण्याआधी त्यात घालून पाहा. व्हिसा घेऊन जाणाऱ्यांनी व्हिसावर छापलेले दिवस आणि तारखाही पाहाव्यात. त्या ९० पेक्षा कमी असतील तर कमीच धरायच्या. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर प्रवेश-निर्गमनाची डिजिटल नोंद सुरू झाली आहे, त्यामुळे पुसट शिक्क्याच्या भरवशावर राहायचे दिवस गेले.

एखाद्या शेंगेन देशाचा राहण्याचा परवाना असेल तर त्या देशातले दिवस या ९० मध्ये धरत नाहीत. बाकीच्या शेंगेन देशांत फिरायला मात्र तोच ९०/१८० चा नियम लागतो, आणि स्पेनच्या परवान्याने फ्रान्समध्ये बसून काम करायचा हक्क मिळत नाही.

४. करनिवास: दिवस मोजा, पण तिथेच थांबू नका

करनिवासी ठरलात की तो देश साधारणपणे तुमच्या जगभरच्या मिळकतीवर कर लावू शकतो. प्रत्येक देशाची कसोटी वेगळी:

- भारत: आर्थिक वर्षात १८२ दिवस, किंवा त्या वर्षी ६० आणि आधीच्या ४ वर्षांत मिळून ३६५ दिवस. नोकरीसाठी बाहेर पडणाऱ्या नागरिकाला त्या वर्षापुरता ६० ऐवजी १८२ चा आकडा लागू होतो.
- अमेरिका: चालू वर्षात किमान ३१ दिवस, आणि चालू वर्षाचे पूर्ण, मागच्या वर्षाचे एक तृतीयांश, त्यामागच्या वर्षाचे एक षष्ठांश अशी बेरीज १८३ झाली की निवासी. दरवर्षी १२० दिवस राहणाऱ्याची बेरीज १२० अधिक ४० अधिक २० म्हणजे १८०. तो वाचतो. दरवर्षी १२२ राहणारा सापडतो.
- ब्रिटन: १८३ दिवस झाले की निवासीच, पण घर, कुटुंब, काम असे धागे जितके जास्त तितके कमी दिवस पुरतात.
- संयुक्त अरब अमिरात: १८३ दिवस, किंवा राहण्याचा परवाना असेल आणि तिथे कायमचं घर किंवा नोकरी-धंदा असेल तर ९० दिवसही पुरे.
- थायलंड: कॅलेंडर वर्षात १८० दिवस. तिथल्या डीटीव्ही या रिमोट काम करणाऱ्यांना मिळणाऱ्या व्हिसावर एका प्रवेशात १८० दिवसच मिळतात. म्हणजे व्हिसाची मुदत पूर्ण वापरली आणि ती एकाच वर्षात पडली की करनिवासी झालातच. शिवाय १ जानेवारी २०२४ पासून मिळवलेलं परदेशी उत्पन्न निवासी माणसाने थायलंडमध्ये आणलं की ते करपात्र धरतात.

वर्षही सगळीकडे एक नसतं. भारताचं १ एप्रिल ते ३१ मार्च, ब्रिटनचं ६ एप्रिल ते ५ एप्रिल, ऑस्ट्रेलियाचं १ जुलै ते ३० जून. पुष्कळ देशांचं जानेवारी ते डिसेंबर. त्यामुळे एकच आठ महिन्यांचा मुक्काम एका देशाच्या दृष्टीने दोन वर्षांत विभागला जातो आणि दुसऱ्याच्या दृष्टीने एकाच वर्षात येतो.

दिवस म्हणजे काय यावरही एकमत नाही. समजा १० तारखेला रात्री ११ वाजता उतरलात आणि १२ तारखेला पहाटे १ वाजता निघालात. शेंगेनच्या हिशेबाने ३ दिवस. अमेरिकेच्या हिशेबानेही ३, कारण दिवसाचा कोणताही भाग चालतो. ब्रिटनच्या हिशेबाने २, कारण तिथे साधारणतः मध्यरात्री तुम्ही देशात होतात का एवढंच पाहतात. म्हणून नोंदवहीत नुसती तारीख नको, उतरण्याची आणि निघण्याची वेळही लिहा.

दोन देशांनी एकाच वेळी तुम्हाला निवासी म्हटलं आणि त्यांच्यात दुहेरी करटाळणी करार (एकाच मिळकतीवर दोनदा कर लागू नये म्हणून दोन देशांनी केलेला) असला तर निर्णय एका ठरलेल्या क्रमाने होतो: कायमचं घर कुठे आहे, दोन्हीकडे असेल तर कुटुंब आणि पैशाचे व्यवहार यांचा केंद्रबिंदू कुठे, तो ठरत नसेल तर नेहमीचा वावर कुठे, मग नागरिकत्व, आणि तेही निरुपयोगी ठरलं तर दोन्ही सरकारं आपसांत ठरवतात. बघा, पहिल्या पायरीवर दिवस नाहीतच. मूळ देशातलं घर कुलूप लावून रिकामं ठेवलं तर ते "उपलब्ध घर" राहतं. दीर्घ मुदतीने भाड्याने दिलं तर बाजू बदलते.

५. "१८३ दिवस" म्हणजे नेमकं काय

मूळ तत्त्व सोपं आहे: पगार ज्या जागी बसून कमावला त्या देशाला त्यावर कर लावता येतो. अगदी पहिल्या दिवसापासून. १८३ दिवसांची सवलत ही या तत्त्वाला करारातून मिळालेला अपवाद आहे. बहुतेक करारांत ती मिळायला तीन अटी एकत्र पुऱ्या व्हाव्या लागतात:

1. त्या देशातला मुक्काम ठरलेल्या काळात १८३ दिवसांहून जास्त नसावा. हा काळ नव्या करारांत बहुधा कोणतेही १२ महिने असतो, जुन्या करारांत करवर्ष. आपल्या दोन देशांचा करार उघडून पाहायचा.
2. पगार देणारी कंपनी त्या देशातली निवासी नसावी.
3. पगाराचा बोजा कंपनीच्या त्या देशातल्या शाखेवर किंवा आस्थापनेवर पडू नये.

आणि चौथी अट, जी लिहिलेली असूनही दिसत नाही: दुसऱ्या करारदेशाचे तुम्ही निवासी असायला हवं. मूळ देश सोडला, नवीन कुठे धरला नाही, अशा माणसाला करार वापरताच येत नाही. शून्य कर लागावा म्हणून फिरत राहणाऱ्यांच्या बेताला इथेच भोक पडतं.

करार नसला किंवा अट मोडली तर पगाराची वाटणी कामाच्या दिवसांवर होते. वर्षातले कामाचे दिवस २२०, त्यातले ६६ त्या देशात, तर ३० टक्के पगार तिथे करपात्र. बोनस कोणत्या काळाच्या कामाचा आहे ते पाहून त्याच्याही वाटण्या होतात, आणि कंपनीचे शेअर मिळणार असतील तर सहसा ते देऊ केल्यापासून हाती येईपर्यंतचा सगळा काळ मोजतात. तीन वर्षांपूर्वी सोडलेल्या देशाची नोटीस शेअरमुळे येते ती अशी.

पगार कुठल्या खात्यात जातो याने काम कुठे झालं हे बदलत नाही, पण खात्याची जागा कधी कधी वेगळा प्रश्न उभा करते. भारताच्या कायद्यात अनिवासी माणसाची भारतात प्रथम मिळालेली रक्कमही करपात्र होऊ शकते. तेव्हा परदेशात राहून पगार थेट भारतातल्या खात्यात घेण्याआधी सीएला विचारा. परदेशातल्या खात्यात जमा करून मग पाठवणं बऱ्याचदा कमी कटकटीचं असतं.

६. कंपनीला लेखी विचारा

मॅनेजर "जा की, काय हरकत आहे" म्हणाला तर ती परवानगी नव्हे. हा निर्णय एचआर आणि कंपनीच्या करविभागाचा आहे, कारण तुमच्या मुक्कामाने कंपनीवर दोन जबाबदाऱ्या येऊ शकतात: त्या देशात पगारातून कर कापून भरणं, आणि तिथे कंपनीची कायम आस्थापना तयार होणं, म्हणजे करासाठी कंपनीचं तिथे ठाणं आहे असं धरलं जाणं. दुसरी गोष्ट घडली तर कंपनीच्या नफ्याच्या काही भागावर तो देश कर मागू शकतो.

ओईसीडी या देशांच्या संघटनेने नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या मॉडेल कराराच्या (देश करकरार करताना नमुना म्हणून वापरतात त्या) भाष्यात घरून कामाबद्दल भर घातली. १२ महिन्यांच्या काळात त्या घरातून होणारं काम एकूण कामाच्या ५० टक्क्यांहून कमी असेल तर घराला साधारणपणे आस्थापना मानू नये. त्याहून जास्त असेल तर त्या माणसाने त्या देशात असण्यामागे कंपनीचं व्यापारी कारण आहे का ते पाहावं. हे मार्गदर्शन आहे, प्रत्येक देश ते जसंच्या तसं मानेलच असं नाही. कोड लिहिणाऱ्यापेक्षा विक्री करणाऱ्याचा धोका मोठा: जो माणूस कंपनीच्या वतीने करार पक्के करतो, त्याच्यामुळे घर-ऑफिसचा प्रश्न न येताही आस्थापना ठरू शकते. ईमेलच्या सहीत तिथला पत्ता घालणं, कंपनीने तिथल्या घराचं भाडं देणं, ग्राहकांना घरी बोलावणं हे टाळा.

कंपनी तयार नसली तर दोन वाटा उरतात. एक, त्या देशातली एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड सेवा, जी कागदोपत्री तुम्हाला नोकरीवर ठेवते आणि कर व विमा भरते. यात तुमची मूळ नोकरी तुटते, सलग सेवेचे फायदे जाऊ शकतात, आणि पगार तिथल्या कंपनीचा झाल्यामुळे नोमॅड व्हिसाची "परदेशी कंपनी" ही अट बहुधा मोडते. दोन, कंत्राटी होणं. पण एकच ग्राहक, ठरलेले तास, कंपनीचाच लॅपटॉप आणि सुट्टीला परवानगी, असं असेल तर कागदावर काहीही लिहा, तपासणारा त्याला नोकरीच म्हणेल.

७. सामाजिक सुरक्षा: ज्याचं नावच कोणी काढत नाही

निवृत्तिवेतन आणि आरोग्य यांची कपात साधारणपणे जिथे काम करता तिथे होते. आयकराच्या करारांचा याच्याशी संबंध नाही. त्याला वेगळे सामाजिक सुरक्षा करार लागतात. असा करार असेल आणि कंपनीने तुम्हाला पाठवलं असेल तर मूळ देशाकडून प्रमाणपत्र घेऊन ठरावीक काळ तिकडची कपात टाळता येते. भारतात हे प्रमाणपत्र ईपीएफओ देते. युरोपीय संघात ते ए-१ नावाने ओळखलं जातं. भारत आणि अमेरिका यांच्यात असा करार अंमलात नाही.

युरोपात राहत्या देशात २५ टक्के किंवा अधिक काम केलं की तिथली सामाजिक सुरक्षा लागते असा सर्वसाधारण नियम आहे. त्यासाठीच्या वेगळ्या करारावर सह्या केलेल्या देशांमध्ये १ जुलै २०२३ पासून ही मर्यादा रिमोट कामासाठी ५० टक्क्यांच्या आत अशी सैल झाली, पण ती आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो. आणि "पाठवलं" या शब्दाकडे लक्ष द्या. स्वतःच्या हौसेने गेलात तर काही देश पाठवणीचं प्रमाणपत्र द्यायला खळखळ करतात.

८. दोन्हीकडे कर लागलाच तर

काही करारांत एक देश ती मिळकत सोडून देतो. पुष्कळ ठिकाणी बाहेर भरलेल्या कराची वजावट मिळते. वजावट दोन करांतल्या लहान रकमेइतकी. बाहेर १५ भरले, घरी ३० लागतात, तर घरी आणखी १५. बाहेर ३० भरले, घरी २०, तर घरी शून्य आणि वरचे १० सहसा बुडाले.

फसायची जागा अशी: कराराप्रमाणे ज्या देशाचा हक्कच नव्हता त्याने कर कापला, तर दुसरा देश वजावट नाकारू शकतो. मग चुकून कापलेला कर पहिल्या देशाकडूनच परत मागावा लागतो, त्याची मुदत वेगळी. म्हणून परदेशी गेल्यावर मूळ देशातली कपात पूर्वीसारखीच चालू आहे का हे पहिल्याच पगारपत्रकात पाहा.

सवलतींच्या मुदती कडक असतात. स्पेनमध्ये बाहेरून आलेल्या पगारदाराला ६ लाख युरोपर्यंतच्या कमाईवर सरसकट २४ टक्क्यांची व्यवस्था मागता येते, पण काम सुरू झाल्यापासून ६ महिन्यांत अर्ज करावा लागतो. सातव्या महिन्यात कारण कितीही चांगलं असलं तरी उपयोग नाही.

९. कागद

व्हिसासाठी: पासपोर्ट, नोकरीचा किंवा कंत्राटाचा करार, परदेशातून काम करायला परवानगी देणारं कंपनीचं पत्र, पगारपत्रकं आणि बँकेचे उतारे, आरोग्यविमा, पोलीस दाखला, पदवी. परदेशात वापरायच्या दाखल्यांवर आपोस्टिल (दाखला खरा असल्याचा सरकारी शिक्का) लागतं, आणि कधी अधिकृत भाषांतरही. क्रम चुकवू नका: आधी आपोस्टिल, मग भाषांतर, कारण पुष्कळ ठिकाणी आपोस्टिलच्या मजकुराचंही भाषांतर मागतात. पोलीस दाखल्याची मुदत अनेक ठिकाणी ३ ते ६ महिनेच धरतात, तो सगळ्यात शेवटी काढा.

करासाठी: येण्याजाण्याची नोंदवही, बोर्डिंग पास, भाडेकरार, विजेची बिलं, दोन्हीकडची रिटर्नं, कर भरल्याच्या पावत्या आणि टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट, म्हणजे करनिवासाचा दाखला. हे सर्टिफिकेट दरवर्षी नव्याने घ्यावं लागतं. बोर्डिंग पासचा कागद वर्षभरात कोरा पडतो, उतरल्या दिवशीच फोटो काढून ठेवा.

बँकेलाही कळवा. १०० हून अधिक देशांच्या बँका खातेदाराचा करनिवास विचारतात आणि त्याप्रमाणे माहिती त्या देशाला जाते. बँकेत एक देश आणि रिटर्नमध्ये दुसरा असेल तर ती विसंगती तुम्हाला कळायच्या आधी सरकारला कळते. भारताचे अनिवासी झालात तर साधं बचत खातं एनआरओमध्ये (अनिवासींच्या रुपया खात्यात) बदलून घ्यावं लागतं.

१०. घोळ आधीच झाला असेल तर

मुदत उलटून राहिला असाल तर गुपचूप दुसऱ्या शेंगेन देशातून बाहेर पडून काही लपत नाही. नोंद एकच आहे. तारखा जुळवणारे जुने करार, मागच्या तारखेची पत्रं बनवू नका, मूळ चुकीपेक्षा ती जड जातात. न भरलेल्या कराबाबत नोटीस येण्याआधी स्वतःहून गेलं तर दंड बहुतेक देशांत कमी बसतो. नोटीस आल्यावर ती सवलत सहसा संपते.

दोन्ही प्रकारची चूक असेल तर आधी इमिग्रेशन वकील, मग करसल्लागार. उशिरा भरलेल्या रिटर्नमध्ये तुम्ही त्या देशात किती दिवस काम केलंत हे तुमच्याच सहीने लिहून जातं, आणि व्हिसाच्या नूतनीकरणाच्या वेळी अनेक ठिकाणी तीच रिटर्नं मागतात. दोघांनी मिळून मजकूर आणि तारखा तपासल्याशिवाय कोणताही फॉर्म पाठवू नका.